आजेसासूचं गाव

माझ्या नवऱ्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आजेसासूला, घरात सगळे ओमा म्हणायचे. जन्म 1932चा, ब्रेस्लाऊचा. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमधे आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. 1945मधे बारा वर्षांची असताना ओमा तिथून निघाली, पुढची दहा-अकरा वर्षं पश्चिम जर्मनीत कुणाकुणाच्या घरात काढली, 1956ला ब्रेमरहाफनहून बोटीने अमेरिकेला आली आणि उरलेलं सगळं आयुष्य मिलवॉकीत काढून 2021मधे गेली. विचारलं तर ती स्वतःपण एवढंच सांगायची. मिलवॉकीच्या गोष्टी मात्र कितीही ऐका. ऍलन-ब्रॅडलीच्या फॅक्टरीत लाईनवर बसून रेझिस्टर तपासायची त्या गोष्टी, 1957ला मिलवॉकी ब्रेव्ह्ज वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नसताना रस्त्यावर जाऊन नाचली ती गोष्ट, शुक्रवारच्या फिश फ्रायमधे कोणत्या बारवाल्याचा बटाट्याचा पॅनकेक चांगला आणि कोण त्यात मैदा ढकलतो, सगळं.

आणि एक गोष्ट जी ती कधीच समजावून सांगायची नाही ती म्हणजे तिचं लग्न. पोलंडला गेलेल्या गावातून निघालेली ही मुलगी, आणि मिलवॉकीत येऊन वर्षभरात तिने लग्न केलं ते साउथ साईडच्या एका पोलिश घरातल्या माणसाशी! तो तिथलाच जन्मलेला, कॅथलिक, मशिनिस्ट. ओमाच्या आईने जर्मनीतून दोन वर्षं पत्र पाठवलं नाही. मी एकदा विचारलं होतं तिला, ओमा, पोलिशच का? तर म्हणाली, त्याचं घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं होतं आणि कागदपत्रं कपाटात होती. बास, विषय संपला आणि ती भांडी पुसायला लागली.

तर ओमा गेल्यावर सासूबाईंच्या डोक्यात होतं की एकदा आईचं गाव बघायचं. सासूबाई रिटायर्ड शिक्षिका आहेत, जन्म मिलवॉकीचा, जर्मन मोडकंतोडकं, पोलिश फक्त शिव्या आणि पदार्थांची नावं. आम्ही तिघं जाणार होतो पण नवऱ्याचं ऑफिसचं काहीतरी आडवं आलं आणि राहिलो आम्ही सासू-सून. कोल्हापूरला आईला सांगितलं तर म्हणाली, आगं आठवडाभर दोघीच? भांडू नका म्हणजे झालं.

मंगळवार, व्रोत्सवाफ

शिकागो-फ्रँकफर्ट-व्रोत्सवाफ, झोप कुणालाच नाही. होटेलवर बॅगा टाकल्या आणि सासूबाई म्हणाल्या आत्ता झोपले तर रात्री भुतासारखी जागी राहीन, चल बाहेर. म्हणून तशाच रिनेकवर गेलो, म्हणजे गावाचा मुख्य चौक. रंगीत उंच घरं, मधे जुना टाऊन हॉल, पायाशी जागोजागी ते वीतभर उंचीचे, बुटक्यांचे ब्राँझचे पुतळे, ज्यांचे फोटो काढत टुरिस्ट गुडघ्यावर बसलेले असतात. हे बुटके म्हणजे ऐंशीच्या दशकात कम्युनिस्ट सरकारची टर उडवणाऱ्या पोरांची आठवण आहे, आता मात्र पार टुरिझमवाल्यांचे झालेत.

मला थांबायला लावलं ते टाऊन हॉलसमोरच्या पुतळ्याने. खुर्चीत आरामात बसलेला एक लेखक, अलेक्सांडर फ्रेद्रो, पोलिश विनोदी नाटकं लिहिणारा. हा पुतळा इथला नाहीच. 1897 पासून तो ल्वूफमधे होता, म्हणजे आताचं युक्रेनमधलं ल्विव. युद्धानंतर पोलंडचा अख्खा नकाशाच पश्चिमेला सरकवला गेला, पूर्वेचा भाग सोव्हिएत युनियनने घेतला आणि बदल्यात जर्मनीचा पूर्व भाग पोलंडला मिळाला. मग ल्वूफची माणसं ब्रेस्लाऊला आली आणि त्यांच्यामागून हे फ्रेद्रोसाहेबपण 1956मधे इथे येऊन बसले, जिथे आधी प्रशियाच्या राजाचा घोड्यावरचा पुतळा होता. 1956, म्हणजे ओमा बोटीत बसली तेच वर्ष.

मी कोल्हापूरची असल्यामुळे मला हे ऐकून जरा वेगळंच वाटत होतं. आमच्या वळिवड्याला 1943 ते 48 पोलिश लोकांची मोठी छावणी होती, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि पोरं. सोव्हिएत फौजांनी त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे कुठेकुठे फिरत ती कोल्हापूर संस्थानात पोचली. युद्ध संपल्यावर बहुतेकांना परत जायला गावच उरलं नव्हतं, ते ल्वूफच्याच बाजूचे. ते गेल्यावर त्याच बराकीत फाळणीनंतरचे सिंधी आले आणि तेच आजचं गांधीनगर, जिथे आम्ही दरवर्षी दिवाळीची कापडखरेदी करायला जायचो. लहानपणी मला वाटायचं गांधीनगर कायमच कापडाचं होतं. सासूबाईंना हे सगळं पुतळ्यासमोर उभं राहून सांगितलं, त्या म्हणाल्या, थांब थांब, पोलिश लोक, भारतात? मग कॉफी घेत परत पहिल्यापासून सांगावं लागलं.

बुधवार, नादोद्झे

हा दिवस सासूबाईंचा. ओमाकडे घराचा पत्ता होता, जर्मन रस्त्याच्या नावाचा. जुन्या आणि नव्या नावांची यादी नेटवर मिळते, त्यावरून रस्ता सापडला आणि घर उभं आहे हेपण कळलं. नादोद्झे म्हणजे ओडर नदीच्या उत्तरेचा भाग, शहराच्या दक्षिणेकडचा भाग 1945च्या रशियन वेढ्यात जमीनदोस्त झाला पण हा बराचसा वाचला. उन्हाळ्यात सासूबाईंनी त्या पत्त्यावर 'इथे राहणाऱ्यांस' असं एक साधं पत्र टाकलं होतं, आम्हाला काही नको, फक्त जिना बघायचा आहे, असं. महिन्याभराने एका मुलीची ईमेल आली की आजी म्हणते जिना कशाला, चहाला या.

चार मजली विटांचं घर, दर्शनी भागावर अजून गोळ्यांचे खड्डे, लाकडी जिना मधे झिजून वाटीसारखा झालेला. तिसऱ्या मजल्यावर त्या आजी दारातच उभ्या होत्या. जन्म 1946, याच घरातला. नात इंग्लिशमधून भाषांतर करत होती पण खरं तर दोघी म्हाताऱ्यांना तिची फार गरज पडली नाही, हातवारे आणि सासूबाईंचं मोडकं जर्मन आणि आजींचं शाळेतलं रशियन, सगळं मिसळून चाललं होतं.

स्वयंपाकघरात कोपऱ्यात हिरव्या टाईल्सची शेगडी आहे, भिंतीएवढी उंच. आता गॅस आहे त्यामुळे ती बंद, वर कुंड्या ठेवल्यात. आजींनी सांगितलं की त्यांची आई ल्वूफजवळच्या खेड्यातून 1946च्या वसंतात मालगाडीने आली, नवरा, पोटात ही, आणि एक गाय. गाय वाटेतच विकावी लागली. घर मिळालं तेव्हा मागच्या खोलीत एक जर्मन म्हातारी अजून राहतच होती, तिची जायची पाळी आली नव्हती. शरद ऋतूपर्यंत ती तिथेच होती आणि तिनेच आजींच्या आईला ही शेगडी कशी पेटवायची, कोणती झडप कधी बंद करायची ते शिकवलं, कारण चुकलं तर धूर घरात यायचा. मग एक दिवस तिला घेऊन गेले. ती कोण, ओमाच्या ओळखीची होती का, काही कळायला मार्ग नाही.

मग आजींनी फडताळातून एनॅमलचा एक पांढरा डबा काढला, कडा काळ्या पडलेल्या, वर निळ्या अक्षरात जर्मनमधे 'पीठ' लिहिलेलं. त्यात त्या अजून पीठच ठेवतात. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि झाकण उघडून बघितलं, आत खरंच पीठ होतं, परत लावून ठेवलं. मला वाटलं आजी म्हणतील घेऊन जा. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरंच वाटलं. पाऊणशे वर्षं वापरलेला डबा त्यांचाच की.

केक खाताना आजी म्हणाल्या की आई कितीतरी वर्षं या घराला रंग लावू द्यायची नाही. कशाला पैसे घालवायचे, जर्मन परत येणार आणि आपल्याला काढणार. कपाटावर एक भरलेली सुटकेस कायम असायची. 1970 साली विली ब्रांट वॉर्साला आला, करार झाला, पश्चिम जर्मनीने ही सीमा मान्य केली, तेव्हा कुठे ती सुटकेस खाली उतरली. सासूबाई हे ऐकत होत्या आणि मधेच म्हणाल्या, माझे वडील पोलिश. आजींना आधी कळेना. नातीने परत सांगितलं. मग आजींनी दोन्ही हात टेबलावर आपटले आणि इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि सासूबाईंच्या ताटात न विचारता केकचा अजून एक तुकडा पडला.

बाहेर पडल्यावर दोनच मिनिटांवर नादोद्झे स्टेशन आहे, जर्मन काळात ओडरटोर स्टेशन. ओमाचे वडील रेल्वेत क्लार्क होते म्हणून घर इथे. सासूबाई स्टेशनसमोर उभ्या राहिल्या आणि मग जे बोलायचं आम्ही दोघी टाळत होतो ते त्याच बोलल्या. नोव्हेंबर 1941मधे ब्रेस्लाऊच्या साधारण हजार ज्यू नागरिकांना याच स्टेशनातून गाडीत घालून लिथुआनियातल्या काउनासला नेलं आणि चार दिवसांनी तिथे गोळ्या घातल्या. ती पहिलीच गाडी, नंतर अजून कितीतरी. 1933ला या शहरात वीसेक हजार ज्यू होते. ओमा तेव्हा नऊ वर्षांची, दोन मिनिटांवर राहणारी, आणि तिचे वडील रेल्वेत. त्यांना काय माहीत होतं, काय केलं, कुणी त्यांना विचारलं नाही. 1948ला युद्धकैदेतून सुटून आले ते गप्पच, आणि ओमानेपण त्यांना विचारलं नसावं. सासूबाई म्हणाल्या, मी तरी कुठे आईला विचारलं, मला वाटायचं तिला त्रास होईल.

मला विचाराल तर ओमाचं दुःख खरंच होतं, बारा वर्षांच्या पोरीचा काय दोष. पण घरातून हाकललं गेल्याची गोष्ट जानेवारी 1945 पासून सुरू करायची नाही, एवढं तरी पाळायला पाहिजे. त्या शहरातून आधी कुणाला हाकललं ते स्टेशनवर उभं राहून आठवायला लागतंच. संध्याकाळी व्हाईट स्टॉर्क सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला गेलो. 1938ला नाझींनी शहरातलं मोठं सिनेगॉग जाळलं तेव्हा हे वाचलं, कारण आजूबाजूच्या घरांना आग लागेल अशी भीती होती. कारण वाचून सासूबाई एकदम चिडल्या, मग बाकावर बसून राहिल्या. रात्री जेवायला गेलो नाही, होटेलच्या खोलीत बिस्किटं खाल्ली.

गुरुवार, कोंती

आता बुटांबद्दल. 2009ला लग्न होऊन मी डिसेंबरात मिलवॉकीत उतरले तेव्हा ओमाने आधी माझ्या पायाकडे बघितलं. मी पुण्याहून घेतलेले नाजूक बूट. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत म्हणाली, हे चालणार नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात नेऊन आत लोकर असलेले जाड बूट घेऊन दिले, पैसे देऊ दिले नाहीत. तिचे स्वतःचे पण तसेच एक जोड पलंगाशेजारी कायम असायचे, नाड्या सैल करून, उन्हाळ्यातसुद्धा. घरातले म्हणायचे म्हातारीचं खूळ.

कारण मला एकदाच कळलं, बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघी श्ट्रॉयझलकूखन करत होतो तेव्हा. हा सायलीशियाचा, म्हणजे ब्रेस्लाऊच्या मुलखाचा खास केक, खाली यीस्टचं मऊ पीठ आणि वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा, लाडू वळायच्या आधीचं बेसन दिसतं ना तसा. चुरा बोटांनीच करायचा, वाटाण्यापेक्षा मोठा नको, ओमा एकेक गोळा फोडत बसायची. ते करता करता मान वर न करता बोलली. 1945च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या तरी गाउलायटर, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, कार्ल हांके लोकांना शहर सोडू देत नव्हता, ब्रेस्लाऊ म्हणजे किल्ला, शेवटपर्यंत लढायचं. मग वीस तारखेच्या सुमाराला एकदम लाऊडस्पीकरवर हुकूम, बायका-पोरांनी शहराबाहेर पडा, रेल्वेत जागा नाही, चालत कांटच्या दिशेने जा. थंडी उणे वीस. ओमाची आई सामान बांधत होती आणि पाच वर्षांच्या धाकट्या भावाला तयार करायचं काम ओमावर होतं. त्याचे बूट ओले होते म्हणून कुठेतरी वाळत ठेवलेले, घाईत सापडले नाहीत. तो घरातल्या कापडी सपाता घालून निघाला. पुढे एका पायाची दोन बोटं गेली त्याची. जगला, मोठा झाला, हॅनोवरला दुकान चालवलं, ओमाला दर ख्रिसमसला फोन करायचा आणि कधी एका शब्दाने बोलला नाही त्याबद्दल. "त्याला बूट घालायचं काम माझं होतं," एवढं म्हणून ओमा ओव्हनकडे वळली.

कांट म्हणजे आताचं कोंती, व्रोत्सवाफपासून वीस-पंचवीस किलोमीटर. आम्ही आरामात लोकल ट्रेनने गेलो. छोटं शांत गाव, चौक, चर्च, बेकरी. बघण्यासारखं काही नाही आणि आम्ही काही बघायला गेलोच नव्हतो. बेकरीतून पाव घेतले आणि व्रोत्सवाफच्या दिशेने रस्त्याच्या कडेने चालत निघालो, ओमा जिथून आली त्याच्या उलट. सपाट शेतं, नुकतीच नांगरलेली काळी जमीन, आडोसा म्हणून एक झाड नाही. वारा लागायला लागला. ऑक्टोबर अखेर, दहा-बारा डिग्री असेल आणि तरी माझे कान दुखायला लागले. त्या दिवसात या रस्त्यावर तान्ही पोरं आयांच्या कडेवर गोठून गेली, कितीतरी. चार-पाच किलोमीटर चाललो असू, सासूबाईंचा गुडघा बोलायला लागला, मग पुढच्या स्टेशनवर गाडी पकडली. गाडीत त्यांना मी बुटांची गोष्ट सांगितली. त्यांना माहीत नव्हती! पोटच्या मुलीला नाही सांगितली आणि नातसुनेला सांगितली. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी इतकी वर्षं बोलले नव्हते. त्या बराच वेळ खिडकीतून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, तू घरातली नव्हतीस ना, म्हणून. खरं आहे ते.

जाता जाता त्या हांकेचं सांगते. ऐन शहरात विमानाची धावपट्टी करायची म्हणून त्याने कायझरश्ट्रासं नावाचा अख्खा सुंदर रस्ता पाडला, तिथे आता ग्रुनवाल्द्स्की चौक आहे, मॉल आणि ट्रॅमची गर्दी. 6 मे 1945ला, म्हणजे बर्लिननंतर चार दिवसांनी, ब्रेस्लाऊ शरण आलं. शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणणारे हांकेसाहेब त्याच्या आदल्या रात्री विमानात बसून पसार झाले होते. पोरं चालत, साहेब विमानाने.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर

पोलंडमधे हा सर्व संतांचा दिवस, अख्खा देश स्मशानात असतो. दुकानं बंद, स्मशानाकडे जाणाऱ्या जादा ट्रॅम, आणि प्रत्येकाच्या हातात शेवंतीची कुंडी आणि झाकणवाल्या काचेच्या पणत्या. 2024ला नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी आईचा व्हिडिओ कॉल, मागे रांगोळी, आणि ती विचारतेय काय केलंस गं फराळाचं. मी म्हणलं आम्ही स्मशानात चाललोय. "आगं सणासुदीचं हे काय अभद्र, आणि सासूला घेऊन?" तिला सांगितलं इथे आज सगळं गाव तिकडेच दिवे लावतंय, तर जरा शांत झाली आणि म्हणाली, बरं मग आमच्यातर्फे पण एक लाव त्या म्हातारीच्या माणसांना.

पण कुठे लावणार? ओमाचे आजोबा इथेच पुरलेले, 1939ला गेले. युद्धानंतर साठ-सत्तरच्या दशकात जर्मन स्मशानं एकेक करत काढून टाकली, तिथे बागा झाल्या, दगड बांधकामाला गेले. 2008मधे ग्राबिशिनच्या पार्कात शहराने एक स्मारक बांधलं, जुन्या थडग्यांचे तुकडे बसवलेली एक लांब ग्रॅनाईटची भिंत, आणि त्यावर पोलिश आणि जर्मनमधे लिहिलंय की आता न उरलेल्या स्मशानांत पुरलेल्या आमच्या शहराच्या पूर्वीच्या रहिवाशांच्या आठवणीसाठी. मला वाटलं होतं तिथे आम्हीच दोघी असू. तर भिंतीखाली आधीच पणत्यांची रांग होती, आणि एक बाई दोन शाळकरी पोरांना घेऊन आली होती, पोरं कोण पेटवणार यावरून भांडत होती. सासूबाईंनी विचारलं तुमचं कोणी होतं का इथे? बाई म्हणाली, नाही, आमच्या आजोबांची थडगी युक्रेनमधे आहेत, तिकडे जाता येत नाही, म्हणून इथे लावतो.

आम्ही चार पणत्या लावल्या. वाऱ्याने दोन विझल्या, त्या पोरांनी धावत येऊन परत पेटवून दिल्या.

शनिवार, ग्योर्लिट्झ

ट्रेनने अडीच-तीन तास. नायसे नदी मधे, अलीकडे पोलंडचं झ्गोझेलेत्स, पलीकडे जर्मनीचं ग्योर्लिट्झ, 1945 आधी हे एकच गाव होतं. आता पादचारी पूल आहे, लोक पोलंडमधे सिगरेट आणायला आणि जर्मनीत किराणा आणायला येतात जातात. कोंतीच्या रस्त्यानंतर गाडी मिळाली ती ओमाच्या कुटुंबाला इथपर्यंतच घेऊन आली होती, काही आठवडे शाळेच्या हॉलमधे गवतावर झोपले, मग पुढे पश्चिमेकडे ढकलले गेले. शेवटी पश्चिम जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीत एका शेतकऱ्याच्या घरात एक खोली मिळाली, ती पण सरकारने जबरदस्तीने काढून दिलेली. शेतकरीण मिठाचासुद्धा हिशेब ठेवायची म्हणे. एकूण सव्वा कोटीच्या आसपास जर्मन माणसं अशी पूर्वेकडून आली, आणि आपलेच लोक असले तरी उंबऱ्यात आलेल्या पाहुण्याला कोण किती दिवस घेणार.

इथे सायलीशियाचं म्युझियम आहे, चांगलं आहे, पण माझं लक्ष बेकरीकडे. श्ट्रॉयझलकूखन दिसला, घेतला. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, चुरा मोठा आहे. मी म्हणलं, ओमाने परत पाठवला असता. दोघींनी मिळून पूर्ण संपवला मात्र.

रविवार

दिवसभर ट्रेन. ड्रेस्डेन, लायप्झिग, हॅनोवर, ब्रेमेन. एक कनेक्शन चुकलं, एक लेट, जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल आपण शाळेत जे ऐकलंय ते विसरून जा.

सोमवार, ब्रेमरहाफन

वेझर नदी समुद्राला मिळते तिथे हे बंदर, राखाडी आभाळ, वारा असा की छत्री उघडायची हिंमत नाही. 1830 ते 1974 या काळात इथून बहात्तर लाख माणसं देश सोडून गेली. ज्या धक्क्यावरून बोटी सुटायच्या त्या कोलुंबुसकायेला लोक अश्रूंचा धक्का म्हणायचे. नव्या बंदराजवळ 2005 पासून स्थलांतरितांचं म्युझियम आहे, तिथे तिकिटाबरोबर एका खऱ्या प्रवाशाचं कार्ड देतात आणि तुम्ही त्याची गोष्ट शोधत फिरायचं. आत अंधारात एक धक्काच उभा केलाय, कोट-स्कार्फ घातलेले पुतळे, पेट्या, खाली खरं पाणी, आणि समोर बोटीची काळी भिंत सरळ वर गेलेली. सासूबाई त्या पुतळ्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या तर मागून आलेल्या एका मुलाला त्या पण पुतळाच वाटल्या आणि त्या हलल्यावर तो किंचाळला. मग बराच वेळ आम्हाला हसू आवरेना.

ओमा काळ्या भिंतीच्या काळातली नव्हे, ती बरीच नंतरची. अमेरिकेने 1953ला निर्वासितांसाठी खास कायदा केला, त्यात असे हाकललेले जर्मनपण बसत होते, फक्त अमेरिकेतल्या कुणीतरी नोकरीची आणि राहायची हमी द्यायची. ओमाची हमी मिलवॉकीच्या एका लुथरन चर्चने घेतली. बोट होती नॉर्डडॉयचर लॉईडची 'बर्लिन'. आणि ही बोट म्हणजे एक प्रकरणच आहे. मूळची 1925ची स्वीडिश 'ग्रिप्सहोम', युद्धात दोन्ही बाजूंच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल करायला वापरलेली. 1943च्या ऑक्टोबरात ती चक्क गोव्यात मुरगावला आली होती! पोर्तुगीज तटस्थ होते म्हणून तिथे. ग्रिप्सहोममधून आलेले जपानी उतरले आणि जपानी बोटीतून आलेले अमेरिकन हिच्यात चढले. हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं. 1955ला तिचं नाव बदलून बर्लिन झालं, आणि पुढच्या वर्षी त्याच बोटीत आमची ओमा, चोवीस वर्षांची, सगळा प्रवास उलट्या करत. एलिस आयलंड 1954लाच बंद झालेलं, त्यामुळे ती थेट मॅनहॅटनच्या धक्क्यावर उतरली आणि तिथून ट्रेनने मिलवॉकी.

मिलवॉकीला अमेरिकेतलं जर्मन शहर म्हणतात म्हणून ओमा खूश होऊन गेली होती. गेल्यावर बघते तर रस्तोरस्ती जर्मन आडनावं, जर्मन बिअर, जर्मन सॉसेज, आणि भाषा कुणालाच येत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनपणा दाखवायची सोय राहिली नव्हती, ती सवय मोडली ती मोडलीच. तिला उलट साउथ साईडच्या पोलिश गल्ल्या जवळच्या वाटल्या असं ती एकदा म्हणाली होती, तीच कोबी, तीच खसखस, ख्रिसमसला तोच मासा. ओमाच्या नवऱ्याचं घर पोलिश फ्लॅट, म्हणजे छोटं लाकडी घर जॅक लावून वर उचलायचं आणि खाली अजून एक बिऱ्हाड काढायचं, तिथल्या लोकांची जुनी युक्ती. 1962ला ऍलन-ब्रॅडलीच्या फॅक्टरीवर ते भलंमोठं चार तोंडांचं घड्याळ बसलं, मक्केचं होईपर्यंत चार तोंडांच्या घड्याळांत जगातलं सगळ्यात मोठं, रात्री पिवळं दिसतं म्हणून गावात त्याला पोलिश मून म्हणतात. ओमाच्या किचनच्या खिडकीतून ते दिसायचं आणि हातातल्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता, ती त्याच्यावरच शिफ्टची वेळ लावायची.

म्युझियमच्या दुसऱ्या भागात उलटी गोष्ट आहे, बाहेरून जर्मनीत आलेल्यांची. सासूबाई तिथे जास्त रमल्या. नंतर पाणी अडवायच्या बांधावर बसून झिंग्यांचा पाव खाल्ला, गार, पण मस्त. तिथे त्यांनी विचारलं की ते कापडाचं गाव, पोलिश लोकांनंतर सिंधी राहायला आले ते, तिथे त्या जुन्या बराकी अजून आहेत का? मी म्हणलं थोड्याफार असतील, आणि कोल्हापूरच्या महावीर गार्डनमधे पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभपण आहे. तर म्हणाल्या, फेब्रुवारीत बघायचं का? मी लगेच आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे आठ वाजले असतील. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, या की, उन्हाच्या आत या, आणि त्यांना तिखट कितपत चालतं ते आधी विचारून ठेव, मागनं माझ्या नावाने ओरडू नका.